हेलब्लेझर : गार्थ एनिसचा लेखनकाळ (१९९१–९४)

हेलब्लेझर ही अमेरिकेतील डीसी कॉमिक्स ह्या प्रकाशनसंस्थेची गूढविद्याविषयक भयचित्रकथामाला होय. जानेवारी १९८८ ह्या दिनांकाने तिचा पहिला अंक निघाला आणि २०१३ मध्ये ३०० व्या अंकाबरोबर ती समाप्त झाली. पाव शतकाच्या ह्या अवधीत अनेक लेखकांनी ती क्रमाने चालविली. त्यांपैकी उत्तर आयर्लंडमधील लेखक गार्थ एनिस (१९७०– ) ह्याचा लेखनकाळ अंक ४१ (मे १९९१) ते अंक ८३ (नोव्हेंबर १९९४) असा आहे. मधला ५१ वा अंक तेवढा दुसऱ्या लेखकाचा. मंत्रतंत्र, पिशाच्चे आणि नरकाचे अधिपती ही भयकथेची ठराविक सामग्री वापरूनही रोग, मृत्यू, मैत्री आणि अपराधाची जाणीव ह्या नित्याच्या मानवी गोष्टींना कथेच्या केंद्रस्थानी आणणे, हे ह्या पर्वाचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

पार्श्वभूमी : अमेरिकेत भयचित्रकथांची परंपरा १९५४ मध्ये खंडित झाली. फ्रेडरिक वर्थम ह्या मनोविकारतज्ञाने चित्रकथांवर बालगुन्हेगारीला उत्तेजन देत असल्याचा आरोप केला. सिनेटच्या उपसमितीपुढे त्याची चौकशी झाली आणि कायद्याचे बंधन टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. तीनुसार शीर्षकांतून भयसूचक शब्द वगळण्यात आले आणि रक्तपिपासू पिशाच्चे, चालती प्रेते, नरवृक इत्यादींचे चित्रण निषिद्ध ठरले. ब्रिटनमध्येही १९५५ साली अशा प्रकाशनांना आळा घालणारा कायदा झाला. अमेरिकेतील संहिता १९७१ मध्ये काहीशी सैल करण्यात आली. तथापि मासिक चित्रकथा ही प्रामुख्याने मुलांसाठीच असते, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तसेच राहिले.

ह्या गृहीतकाला पहिला मोठा धक्का ॲलन मूर ह्या इंग्रज लेखकाने स्वॉम्प थिंग (म. शी. दलदलीतील जीव) ह्या मालेच्या द्वारे दिला. तो लिहीत असताना, १९८४ मध्ये, ही माला संहितेच्या मान्यतेवाचून प्रसिद्ध होऊ लागली. वृत्तपत्रविक्रेत्यांऐवजी केवळ चित्रकथा विकणाऱ्या स्वतंत्र दुकानांतून अंक खपू लागल्यामुळे असे धाडस प्रकाशकांना परवडू लागले होते. ह्याच मालेच्या ३७ व्या अंकात (जून १९८५) जॉन कॉन्स्टंटाइन हे पात्र प्रथम अवतरले. स्टीव्हन बिसेट व जॉन टॉटलबेन ह्या चित्रकारांना स्टिंग ह्या इंग्रज गायकासारखा चेहरा असलेले एखादे पात्र रेखाटण्याची इच्छा होती आणि त्या इच्छेतून हा मांत्रिक जन्मास आला. मांत्रिकाची पारंपरिक लक्षणे त्याच्यात नाहीत. तो श्रमिक वर्गातील, लिव्हरपूलचा, लंडनमध्ये राहणारा, मळकट पावसाळी कोट घालणारा आणि अखंड धूम्रपान करणारा इसम आहे. मंत्रसामर्थ्यापेक्षा त्याची भिस्त धूर्तपणावर आणि निर्ढावलेल्या जिभेवर असते.

कॉन्स्टंटाइनला स्वतंत्र मालिका देण्यात आली, तेव्हा तिचे पूर्वनियोजित नाव वेगळे होते. परंतु त्याच सुमारास तत्सम नावाचा क्लाइव्ह बार्करचा चित्रपट (१९८७) आल्यामुळे ते बदलून हेलब्लेझर असे ठेवण्यात आले. अंक ४० पर्यंतचे बहुतेक लेखन जेमी डेलानो ह्या नॉर्थॅम्प्टनच्या लेखकाने केले. त्याची भयकथा थॅचर-काळातील ब्रिटनवरील राजकीय भाष्यही होती. उदा., तिसऱ्या अंकात १९८७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर मानवी आत्म्यांचा बाजार भरविणारे सैतानी दलाल येतात. न्यूकॅसल येथे तरुण कॉन्स्टंटाइनच्या अविचारामुळे ॲस्ट्रा ही बालिका नरकात ओढली गेली, ही त्याला आजन्म छळणारी घटनाही डेलानोनेच रचली. डेलानोची भाषा घनदाट, प्रतिमाबहुल व अंतर्मुख आहे. त्याने नायकाला भूतकाळ दिला. वर्तमानकाळातील आप्तेष्ट, घरदार आणि देहधर्म मात्र कॉन्स्टंटाइनला बव्हंशी एनिसकडून मिळाले.

एनिसची पूर्वतयारी : एनिसचा जन्म बेलफास्टलगतच्या हॉलिवुड ह्या गावी १६ जानेवारी १९७० रोजी झाला. त्याचे बालपण उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षाच्या काळात गेले. ब्रिटनमधील क्रायसिस ह्या नियतकालिकातून क्रमशः आलेली, जॉन मॅक्रीने चित्रित केलेली त्याची पहिली कथा ट्रबल्ड सोल्स (१९८९) ह्याच संघर्षात सापडलेल्या सामान्य तरुणाविषयी आहे. त्यानंतरच्या ट्रू फेथ ह्या कथेत त्याने संघटित धर्माचा कडवा उपहास केला. एनिस निरीश्वरवादी आहे. देव, देवदूत आणि सैतान ह्यांनी गजबजलेली माला अशा लेखकाकडे यावी, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु त्याच्या लेखनाचे बळ ह्या विसंगतीतच आहे. स्वर्ग आणि नरक ह्या दोहोंकडे तो माणसांवर अधिकार गाजविणाऱ्या संस्था म्हणून पाहतो आणि त्यांच्याविषयी त्याला भक्ती किंवा भीती ह्यांपेक्षा रोषच अधिक वाटतो. हेलब्लेझरची सूत्रे हाती आली, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

डेंजरस हॅबिट्स : एनिसची पहिलीच दीर्घकथा डेंजरस हॅबिट्स (म. शी. घातक सवयी) अंक ४१ ते ४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची चित्रे विल्यम सिम्पसन ह्या उत्तर आयरिश चित्रकाराची आहेत. पहिल्या दृश्यातच कॉन्स्टंटाइनला खोकल्यातून रक्त पडते आणि त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला असून तो बरा होण्यापलीकडे गेला असल्याचे निष्पन्न होते. धूम्रपान हे त्याच्या व्यक्तिरेखेचे बाह्य चिन्ह पहिल्यापासून होते. त्या चिन्हाचा परिणाम त्याच्या शरीरावर होईल, ही साधी गोष्ट एनिसने प्रथम गंभीरपणे घेतली. दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रकथांचे नायक सहसा वयातीत असतात. कॉन्स्टंटाइनची जन्मतारीख मात्र १० मे १९५३ अशी निश्चित आहे आणि मालिकेतील काळ प्रत्यक्ष काळाबरोबर पुढे सरकतो. त्यामुळे मृत्यूची शक्यता येथे कथानकाची क्लृप्ती न वाटता वयाबरोबर आलेली वस्तुस्थिती वाटते.

कथेची पहिली बाजू विलक्षण साधी आहे. कॉन्स्टंटाइन बहिणीचा व भाचीचा निरोप घेतो, जुन्या मित्रांना भेटतो आणि रुग्णालयात मरणपंथास लागलेल्या मॅट ह्या वृद्धाच्या उशाशी बसतो. मॅटपाशी कोणतीही मंत्रविद्या नाही. विनोदबुद्धी तेवढी आहे. गेब्रिएल हा देवदूत साहाय्य नाकारतो. आयर्लंडमध्ये ब्रेंडन हा मद्यासक्त जुना स्नेहीही मृत्युशय्येवर असतो. उत्तमोत्तम मद्यांच्या संग्रहाच्या मोबदल्यात त्याने आपला आत्मा नरकाधिपतीला विकलेला असून ठरलेल्या रात्री तो वसूल करण्यासाठी नरकाधिपती स्वतः येतो. ह्या अधिपतीला एनिसने ‘पतितांमधील पहिला’ असे नाव दिले आहे. मंत्राने मद्य झालेले पवित्र जल त्याला कपटाने पाजून कॉन्स्टंटाइन मित्राचा आत्मा वाचवितो. परंतु त्यामुळे एक भयंकर वैर ओढवते : मृत्यूनंतर कॉन्स्टंटाइन नरकात येणारच, तेव्हा सूड घेऊ, अशी शपथ शत्रू घेतो.

ह्या संकटातून सुटण्याची कॉन्स्टंटाइनची युक्ती पुढे भयचित्रकथेतील एक प्रसिद्ध प्रसंग ठरली. नरकाचे राज्य तीन अधिपतींत वाटलेले असते. कॉन्स्टंटाइन उरलेल्या दोघांना, एकमेकांच्या नकळत, आपला आत्मा विकतो आणि मग स्वतःच्या शिरा कापतो. आत्म्यावर तिघांचाही हक्क निर्माण झाल्यामुळे तो कोणी एकाने नेल्यास नरकात यादवी माजेल आणि तिचा लाभ स्वर्गाला होईल, अशा पेचात तिघे सापडतात. त्याला मरू न देणे हाच एक मार्ग उरतो. साहजिकच त्यांना संतापाने त्याचा रोगही बरा करावा लागतो. सैतानाला फसविणाऱ्या चतुर माणसाची लोककथा यूरोपात सर्वत्र आढळते. एनिसने त्या जुन्या साच्यात कर्करोगाच्या रुग्णाची आधुनिक हतबलता भरली. मॅटला अशी पळवाट नाही, ही जाणीव मात्र वाचकाच्या मनातून पुसली जात नाही. नायक वाचतो, पण त्याच्या वाचण्यात न्याय नाही. ह्या अन्यायाचा हिशेब पुढील तीन वर्षे चालू राहतो.

किट रायन आणि दैनंदिन जीवन : ह्यानंतरच्या अंकांत कॉन्स्टंटाइनचे किट रायन ह्या बेलफास्टच्या स्त्रीशी प्रेमसंबंध जुळतात. किट ही पूर्वी ब्रेंडनची सहचरी होती. मांत्रिकाच्या उद्योगांचा आपल्या घराला स्पर्श होता कामा नये, एवढी एकच अट ती घालते. ह्या काळातील मद्यगृहातील गप्पा, घरगुती थट्टा, नाताळचा उत्सव आणि नायकाचा चाळिसावा वाढदिवस (अंक ६३) ह्यांसारख्या प्रसंगांत अलौकिक घटक नाममात्रच आढळतात. चित्रकथेच्या मासिक अंकात कथानक थांबवून माणसे नुसती बोलत राहतात, ही गोष्ट त्या वेळी अपूर्व होती. संवादलेखन हे एनिसचे सर्वांत मोठे सामर्थ्य असून बेलफास्ट, लिव्हरपूल व लंडन येथील बोलींचे भेद तो कानाला जाणवतील असे राखतो.

किटची अट अखेर मोडते. वंशद्वेष्ट्या गुंडांशी कॉन्स्टंटाइनचे असलेले वैर तिच्या दारापर्यंत पोहोचते आणि ती त्याला सोडून मायदेशी निघून जाते. त्यानंतर तो दारूच्या आहारी जाऊन लंडनच्या रस्त्यांवर बेघर म्हणून राहू लागतो. आपल्याला एकाकी व दुबळा झालेला पाहून गाठणाऱ्या पिशाच्चराजाशी त्याचा सामना होतो, तोही ह्याच अवस्थेत. परंतु वाचकाला हेलावतो तो पिशाच्चापेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपणारा नायक. अंक ७० मधील हार्टलँड ह्या कथेत कॉन्स्टंटाइन जवळजवळ नाहीच. घरी परतलेली किट, तिची भावंडे आणि संघर्षग्रस्त बेलफास्ट एवढाच तिचा विषय आहे. भयचित्रकथामालेच्या चौकटीत एनिसने आपल्या जन्मभूमीविषयी लिहिलेली ही कथा त्याच्या उत्कृष्ट लेखनात गणली जाते. त्याच नावाचा एक स्वतंत्र अंकही पुढे १९९७ मध्ये निघाला.

समाज आणि सत्ता : डेलानोची राजकीय दृष्टी एनिसने सोडून दिली नाही, मात्र तिचा सूर बदलला. रॉयल ब्लड (अंक ५२–५५) ह्या कथेत ब्रिटिश राजघराण्यातील एका व्यक्तीला पिशाच्चाने झपाटल्याचे दाखविले असून हेच पिशाच्च १८८८ मधील जॅक द रिपर ह्या खुन्याच्या मागे होते, अशी कल्पना योजिली आहे. उच्चभ्रू मंडळे गुन्हा कसा झाकतात, हे येथे भयापेक्षा उपरोधाने मांडले आहे. डॅम्नेशन्स फ्लेम (अंक ७२–७५) मध्ये कॉन्स्टंटाइनचा आत्मा एका नरकतुल्य अमेरिकेत भटकतो आणि डोक्याला प्राणघातक जखम असलेले राष्ट्राध्यक्ष केनेडी त्याचे सोबती होतात. राष्ट्राच्या स्वप्नाचे असे विडंबन अमेरिकेतील प्रकाशनसंस्थेच्या मासिकात यावे, ह्यावरून त्या काळच्या संपादकीय मोकळेपणाची कल्पना येते. कॅरन बर्गर ह्या संपादिकेच्या नेतृत्वाखाली व्हर्टिगो ही प्रौढ वाचकांसाठीची शाखा १९९३ मध्ये सुरू झाली आणि ६३ व्या अंकापासून हेलब्लेझर तीत समाविष्ट झाली.

चित्रशैली : ह्या पर्वाच्या पूर्वार्धात सिम्पसनची खरबरीत, छायाबहुल रेखाटने प्रामुख्याने आढळतात. उत्तरार्धातील बहुतेक अंक स्टीव्ह डिलन (१९६२–२०१६) ह्या इंग्रज चित्रकाराचे आहेत. डिलनची रेषा स्वच्छ व संयत आहे. तो चौकटींची रचना साधी ठेवतो आणि सर्व भर चेहऱ्यांवर देतो. बोलणाऱ्या दोन माणसांच्या चेहऱ्यांतील सूक्ष्म बदल लागोपाठच्या चौकटींतून दाखविण्याची त्याची हातोटी एनिसच्या संवादांना पूरक ठरली. भीषण दृश्यही तो त्याच शांत रेषेने काढतो, त्यामुळे ते अधिक अंगावर येते. ह्या दोघांच्या सहकार्यातूनच पुढे प्रीचर (१९९५–२०००) ही मालिका निर्माण झाली.

अखेर : शेवटची दीर्घकथा रेक ॲट द गेट्स ऑफ हेल (अंक ७८–८३) ही सुरुवातीच्या कथेचे उत्तर आहे. पतितांमधील पहिला आपल्या दोन्ही सहअधिपतींना ठार करतो. ज्या त्रिपक्षीय पेचामुळे कॉन्स्टंटाइनचा जीव सुरक्षित होता, तो पेचच त्यामुळे नाहीसा होतो. वंशद्वेषातून लंडनमध्ये भडकलेल्या दंगलीच्या पार्श्वभूमीवर शत्रू सूड घेण्यासाठी येतो. रस्त्यावरचा हिंसाचार व नरकाचा कोप एकाच वेळी चालू ठेवून त्यांपैकी अधिक भयानक कोणता, हा प्रश्न एनिस वाचकावर सोपवितो. कॉन्स्टंटाइन ह्याही वेळी वाचतो, पण त्याच्या जवळच्या माणसांना किंमत मोजावी लागते. पहिल्या कथेत आपल्या चातुर्याने मृत्यूला चकविणारा नायक शेवटी त्या चातुर्याचे ऋण इतरांच्या खात्यावर पडलेले पाहतो. सुटे मासिक अंक लिहीत असूनही साडेतीन वर्षांचा हा पट आरंभ, मध्य आणि अंत असलेल्या कादंबरीसारखा बांधला गेला आहे, ही ह्या पर्वाची रचनात्मक कामगिरी होय.

मूल्यमापन : ह्या लेखनावर आक्षेपही घेतले जातात. धर्मसंस्थेवरील त्याचा हल्ला कित्येकदा ढोबळ आहे. त्यातील देवदूत दांभिक आणि धर्मोपदेशक दुष्ट असावयाचेच, असा ठराविकपणा त्यात येतो. हिंसेचे व किळसवाण्या दृश्यांचे प्रमाण काही ठिकाणी कथेच्या गरजेपेक्षा अधिक आहे. मद्यगृहातील पुरुषी मैत्रीचे उदात्तीकरण करताना लेखक भावविवशतेकडे झुकतो. डेलानोच्या लेखनातील गूढविद्येचे वैचारिक अंग एनिसला फारसे साधलेले नाही. किंबहुना त्यात त्याला रसही नाही. मंत्र हे त्याच्या दृष्टीने लबाडीचेच एक साधन आहे. असे असले, तरी नायकाच्या कृतीचे परिणाम नायकाबरोबर राहतात आणि पुढल्या अंकात ते पुसले जात नाहीत, हा नियम त्याने कसोशीने पाळला. मालिकेला दीर्घायुष्य मिळण्यास हा नियम कारणीभूत ठरला, असे म्हणता येईल.

प्रभाव : कॉन्स्टंटाइन हे पात्र प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे असल्यामुळे एनिसने त्याला दिलेले शत्रू, स्नेही आणि जखमा हा पुढील लेखकांचाही वारसा झाला. ८४ वा अंक डेलानोने लिहिला. ८९ व्या अंकापासून पॉल जेंकिन्सने दीर्घकाळ सूत्रे सांभाळली. त्यानंतर वॉरन एलिस, ब्रायन अझरेलो, माइक केरी, डेनिस मीना, अँडी डिगल व पीटर मिलिगन हे प्रमुख लेखक झाले. एनिस स्वतः सन ऑफ मॅन (अंक १२९–१३३) ह्या कथेपुरता परतला. कॉन्स्टंटाइन (२००५) ह्या फ्रान्सिस लॉरेन्सदिग्दर्शित अमेरिकन चित्रपटात डेंजरस हॅबिट्समधील कर्करोगाचा आणि नरकाधिपतीकडून होणाऱ्या सुटकेचा धागा घेतला आहे. तथापि तेथे नायक लॉस अँजेल्सचा अमेरिकन केलेला असून त्रिपक्षीय कराराचा पेच वगळला आहे. चित्रपटातील नायकाला आत्मत्यागामुळे मुक्तीचा अधिकार प्राप्त होतो. मूळ कथेतील नायक मात्र कोणत्याही पुण्याईवाचून, निव्वळ कपटाने जगतो आणि त्या जगण्याचे ओझे वाहतो. एनिसच्या कथेतील भय नरकापेक्षा ह्या ओझ्यात अधिक आहे, आणि म्हणूनच पिशाच्चांवर विश्वास नसणाऱ्या वाचकालाही ते खरे वाटते.